बॅशचं फंक्शन, पायथॉनचं फंक्शन आणि मधली वेस

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्स सर्व्हरवर रात्री चालणारं काम दोन भाषांत वाटलेलं आहे. फायली गोळा करणं, मोजणं, जुन्या हलवणं हे बॅशमध्ये (लिनक्सच्या कमांड चालवणाऱ्या शेलच्या भाषेत) आणि त्यांचा अहवाल तयार करणं पायथॉनमध्ये. बॅशमध्ये 'फायली_मोजा' नावाचं फंक्शन आहे. फोल्डरमध्ये ३०० फायली असल्या की ते ४४ सांगतं. तेच फंक्शन पायथॉनमधून कॉल करायला गेलं की 'सोर्स: नॉट फाउंड' अशी एरर येते. उलट्या दिशेनेही अडचण आहे: पायथॉनमधलं 'नाव_सुधारा' हे फंक्शन बॅशमधून कॉल केलं की ज्या फाइलच्या नावात अवतरणचिन्ह आहे तिथे सगळं मोडतं. तर एका भाषेतलं फंक्शन दुसरीतून सरळ कॉल कसं करायचं?

सरळ कॉल करता येत नाही, हे आधी स्वीकारा. मग बाकीचं सोपं होतं. बॅश आणि पायथॉन या दोन वेगळ्या प्रोसेस (स्वतंत्रपणे चालणारे प्रोग्रॅम) आहेत आणि त्यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टिमची वेस आहे. त्या वेशीतून फंक्शन जात नाही, लिस्ट जात नाही, संख्यासुद्धा संख्या म्हणून जात नाही. जातात फक्त ठराविक गोष्टी: सुरुवातीला दिलेले आर्ग्युमेंट (सगळे मजकूर म्हणून), एन्व्हायर्नमेंटमधली व्हेरिएबल, स्टँडर्ड इनपुट-आउटपुट-एररमधून वाहणारे बाइट आणि शेवटी एक छोटा आकडा, म्हणजे एक्झिट स्टेटस. तुमच्या तिन्ही अडचणी इथूनच आल्या आहेत. पण पहिली अडचण तर पायथॉनपर्यंत पोचण्याच्या आधीच, बॅशच्या आत घडते आहे. म्हणून तिथून सुरू करते.

(फंक्शनांची नावं इथे वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत लिहिते आहे. बॅशच्या व्हेरिएबलच्या नावात रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच चालतं, त्यामुळे खऱ्या स्क्रिप्टमध्ये सगळीच नावं रोमनमध्ये ठेवा.)

पायथॉनमध्ये फंक्शन हे व्हॅल्यू देणारं यंत्र आहे. 'डेफ' लिहून ते तयार करायचं, कंसात पॅरामीटरची नावं द्यायची, 'रिटर्न' लिहून काहीही परत करायचं: संख्या, डिक्शनरी, दुसरं फंक्शनसुद्धा. रिटर्न लिहिलंच नाही तर 'नन' मिळतं. आर्ग्युमेंट कमी-जास्त झाले तर पायथॉन तिथल्या तिथे टाइपएरर देऊन थांबतो.

बॅशमधलं फंक्शन दिसायला तसंच असतं: नाव, पुढे रिकामा कंस, मग महिरपी कंसात ओळी. पण ते आतून एक छोटी कमांड आहे. ते कॉल करताना कंस लिहायचे नाहीत. 'एलएस' किंवा 'ग्रेप' चालवता तसं नाव आणि त्यापुढे स्पेस देऊन आर्ग्युमेंट. आत ते डॉलर-एक, डॉलर-दोन या नावांनी मिळतात आणि सगळे मिळून "$@" मध्ये असतात. दहाव्या आर्ग्युमेंटला महिरपी कंस लागतो, नाहीतर बॅश पहिलं आर्ग्युमेंट घेऊन त्यापुढे शून्य चिकटवतो. आर्ग्युमेंट किती आले याची बॅश चौकशी करत नाही. न आलेलं आर्ग्युमेंट म्हणजे रिकामा मजकूर. 'हलवा' फंक्शनला ठिकाण द्यायचं राहिलं तर काय होईल याचा विचार करा. म्हणून माझा नियम असा की फंक्शनच्या पहिल्या दोन-तीन ओळींतच प्रत्येक आर्ग्युमेंट नाव असलेल्या 'लोकल' व्हेरिएबलमध्ये घ्यायचा, आणि जो सक्तीचा आहे त्याला विसर्गासारखे दोन टिंब आणि प्रश्नचिन्हाची खूण (:?) जोडून सोबत निरोप लिहायचा. तो आला नाही तर स्क्रिप्ट तो निरोप दाखवून थांबते.

आता ३०० चे ४४. बॅशमधला 'रिटर्न' व्हॅल्यू परत करत नाही. कमांड यशस्वी झाली की नाही, एवढंच तो सांगतो आणि त्यासाठी त्याच्याकडे ० ते २५५ एवढीच जागा आहे. ३०० दिलं की २५६ वजा होऊन ४४ उरतात. २५६ फायली असत्या तर शून्य आलं असतं, आणि ते जास्त वाईट, कारण शून्य म्हणजे 'सगळं ठीक'. इथे दोन्ही भाषांची अंगभूत समजूत उलटी आहे: पायथॉनमध्ये शून्य म्हणजे खोटं, बॅशमध्ये शून्य म्हणजे यश. पायथॉनच्या मुख्य फंक्शनने काम नीट झालं म्हणून 'ट्रू' परत केलं आणि तेच 'सिस.एक्झिट'ला दिलं, तर बॅशला १ मिळतो, म्हणजे अपयश. आणि पायथॉनमधून ३०० देऊन बाहेर पडलात तरी बॅशला ४४च दिसतील. ही मर्यादा प्रोसेसच्या एक्झिट स्टेटसची आहे, भाषा बदलून ती सुटत नाही.

मग बॅशमध्ये उत्तर द्यायचं कसं? छापून. फंक्शनने संख्या स्टँडर्ड आउटपुटवर लिहायची आणि कॉल करणाऱ्याने ती $( ) मध्ये पकडायची. यश-अपयश तेवढं रिटर्नने सांगायचं. छापायला 'एको'ऐवजी 'प्रिंटएफ' वापरा, कारण मजकूर उणे चिन्हाने सुरू झाला तर एको त्याला स्वतःचा ऑप्शन समजून गिळू शकतो. यातून एक शिस्त आपोआप येते आणि ती मी फार महत्त्वाची मानते: ज्या फंक्शनचं उत्तर आउटपुटवर येतं, त्याने 'काम सुरू झालं', 'फोल्डर सापडला' असले निरोप आउटपुटवर लिहायचे नाहीत. ते स्टँडर्ड एररकडे वळवायचे. नाहीतर संख्येच्या जागी 'काम सुरू झालं ३००' असा मजकूर हातात येतो आणि पुढचं गणित मोडतं. पायथॉनमध्ये प्रिंट आणि रिटर्न वेगळे असल्याने हा गोंधळ होत नाही. म्हणूनच पायथॉनची सवय असलेल्यांना बॅशमध्ये तो चटकन दिसत नाही.

$( ) वापरण्याची किंमतही माहीत असू द्या. त्याच्या आत चालणारं सगळं सबशेलमध्ये, म्हणजे बॅशच्या एका प्रतीत चालतं. फंक्शनने आत एखादं ग्लोबल व्हेरिएबल बदललं तरी बाहेर आल्यावर ते पूर्वीसारखंच दिसतं. पाइपचंही तेच. 'फाइंड'चं आउटपुट पाइपने 'व्हाइल रीड'च्या लूपला दिलं, लूपमध्ये मोजणी वाढवली, तर लूप संपल्यावर मोजणी शून्यच. बॅश ४.२ पासून स्क्रिप्टमध्ये 'लास्टपाइप' हा पर्याय चालू करता येतो; त्यापेक्षा पाइप उलटा करून < <( ) या रूपात इनपुट देणं मला जास्त आवडतं. वाचणाऱ्याला लूप याच शेलमध्ये चालतोय हे दिसतं. सबशेल टाळूनच उत्तर हवं असेल तर 'लोकल -एन' ही नेमरेफची सोय आहे: कॉल करणारा व्हेरिएबलचं नाव देतो आणि फंक्शन त्यातच उत्तर ठेवतं. ती बॅश ४.३ मध्ये आली. मॅकवर मात्र ॲपल अजून बॅश ३.२ देतं, त्यामुळे तुमच्यापैकी कोणी मॅकवर स्क्रिप्ट तपासून सर्व्हरवर चढवत असेल तर दोन्हीकडे चालणारी रीत $( ) हीच.

स्कोपबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती शोधायला वेळ खाते. पायथॉनमध्ये फंक्शनच्या आत दिलेलं नाव आपोआप स्थानिक असतं. बॅशमध्ये उलट, 'लोकल' लिहिलं नाही तर सगळं ग्लोबल. आणि लोकल लिहिलं तरी त्या फंक्शनने कॉल केलेल्या प्रत्येक फंक्शनला ते व्हेरिएबल दिसतं आणि बदलताही येतं. बाहेरच्या फंक्शनमध्ये लूपसाठी 'आय' आहे, आतल्या फंक्शननेही लोकल न लिहिता 'आय' वापरला, तर बाहेरचा लूप भलतीकडे जातो. म्हणून अपवाद न करता लोकल लिहा.

डीफॉल्ट व्हॅल्यूंमध्ये मात्र सापळा पायथॉनच्या बाजूला आहे. बॅशमध्ये :- या खुणेने दिलेली डीफॉल्ट व्हॅल्यू दर कॉलला नव्याने काढली जाते. पायथॉनमध्ये ती 'डेफ'ची ओळ चालते तेव्हा एकदाच तयार होते. त्यामुळे डीफॉल्ट म्हणून आजची तारीख लिहिली तर अनेक दिवस चालू राहिलेला प्रोग्रॅम पहिल्या दिवसाचीच तारीख देत राहतो, आणि रिकामी लिस्ट लिहिली तर ती सगळ्या कॉलमध्ये मिळून एकच असते. डीफॉल्ट 'नन' ठेवून आत व्हॅल्यू काढा.

आता जिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं तो भाग: चूक झाल्याचं कळणं.

पायथॉनमध्ये अपवाद उडाला की तो वर जात राहतो. कोणी पकडला नाही तर प्रोग्रॅम थांबतो आणि एक्झिट स्टेटस १ होतं. बॅशमध्ये कमांड फसली तर पुढची ओळ खुशाल चालते. म्हणून बरेच जण स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट -ई' (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबव) लिहितात आणि निर्धास्त होतात. फंक्शन आली की हा भरवसा तुटतो, आणि तो कसा तुटतो हे नीट समजून घ्यायला हवं.

समजा 'बॅकअप_घ्या' फंक्शनमध्ये तीन पायऱ्या आहेत: फोल्डर बदलणं, जुनी प्रत पुसणं, नवी प्रत करणं. नुसतं 'बॅकअप_घ्या' असं कॉल केलं तर पहिली पायरी फसताच सेट -ई स्क्रिप्ट थांबवेल. पण तुम्ही जास्त काळजी घेऊन 'इफ बॅकअप_घ्या' असं लिहिलंत, किंवा त्यापुढे || (म्हणजे 'नाहीतर') लावून निरोप छापायची सोय केलीत, की त्या संपूर्ण फंक्शनपुरतं सेट -ई बंद होतं. फोल्डर बदलला नाही तरी पुसण्याची ओळ चालते, आणि ती भलत्याच फोल्डरमध्ये चालते. हा बॅशचा बग नाही. अटीच्या जागी असलेल्या कमांडचं अपयश अपेक्षित मानायचं, असा शेलचा नियमच आहे, आणि तो आतल्या प्रत्येक ओळीला लागू होतो. फंक्शनमध्ये पुन्हा सेट -ई लिहिलं तरी उपयोग होत नाही. उपाय एकच: धोक्याच्या प्रत्येक ओळीपुढे || आणि 'रिटर्न १' स्वतः लिहायचं. दिसायला ते गिचमिड वाटतं. तरीही लिहा.

दुसरी जागा: एकाच ओळीत 'लोकल' आणि $( ). 'लोकल संख्या' पुढे बरोबर लिहून $(फायली_मोजा) दिलं, तर $? मध्ये (मागच्या कमांडचं स्टेटस तिथे असतं) 'लोकल' या कमांडचं स्टेटस येतं. ते जवळजवळ नेहमी शून्यच असतं. फायली_मोजा फसलं तरी कळत नाही. लोकलची ओळ वेगळी, व्हॅल्यू देण्याची ओळ वेगळी, एवढं केलं की भागतं. शेलचेक नावाचं साधन हे आपोआप दाखवून देतं. ते मोफत आहे आणि बॅश लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे असावं असं मी मनापासून सांगते. तिसरी जागा पाइप: त्याचं स्टेटस शेवटच्या कमांडचं असतं. फाइंड फसला आणि 'डब्ल्यूसी'ने शून्य ओळी मोजल्या तर स्टेटस यशाचं आणि उत्तर शून्य. 'सेट -ओ पाइपफेल' लावल्यावर हे थांबतं.

एवढं बॅशच्या आतलं झालं की वेस ओलांडायला हरकत नाही. आधी पायथॉनमधून बॅशकडे.

'सोर्स: नॉट फाउंड' ही एरर तुम्ही पायथॉनमधून बाहेरचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या 'सबप्रोसेस.रन'ला 'शेल=ट्रू' दिल्यामुळे येते. त्या पर्यायाने बॅश चालत नाही, /बिन/एसएच चालतं. उबुंटूमध्ये २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून आणि डेबियनमध्ये ६ व्या आवृत्तीपासून त्या नावामागे डॅश नावाचं लहान, वेगवान शेल आहे. डॅशला 'सोर्स' (दुसऱ्या फाइलमधली फंक्शनं चालू शेलमध्ये आणणं) हा शब्द माहीत नाही; त्याच्याकडे त्याच कामासाठी नुसतं टिंब आहे. पण टिंब लिहून पुढे गेलात तर दुहेरी चौकटी कंस, ॲरे, < <( ) अशा बॅशच्या खास गोष्टींवर पुन्हा अडाल. म्हणून बॅश हवं तर बॅशचंच नाव घ्या. आणि शेल=ट्रू सोडून द्या, लिस्ट द्या.

लिस्टचा आकार असा: पहिला घटक 'बॅश', दुसरा '-सी', तिसरा एक ठरलेली, कधीही न बदलणारी ओळ, मग एक अंडरस्कोर, मग लायब्ररीच्या फाइलचा पूर्ण मार्ग, मग फंक्शनचं नाव, मग त्याचे आर्ग्युमेंट. मधल्या ठरलेल्या ओळीत तीन कामं: डॉलर-एक सोर्स कर, ते न जमल्यास बाहेर पड, 'शिफ्ट' (पहिलं आर्ग्युमेंट काढून टाक), आणि "$@" चालव. अंडरस्कोर का? कारण -सी च्या ओळीनंतर येणारा पहिला घटक डॉलर-शून्य होतो, आर्ग्युमेंट नाही. तो विसरला की सगळे आर्ग्युमेंट एका घराने सरकतात. या रचनेत फाइलच्या नावात स्पेस असो, अवतरण असो, डॉलर असो, काही बिघडत नाही, कारण नाव कधीच कोड म्हणून वाचलं जात नाही. पायथॉनच्या एफ-स्ट्रिंगमध्ये फाइलचं नाव घालून बॅशची ओळ तयार करू नका. एखाद्या फाइलच्या नावात अर्धविराम आणि पुढे 'आरएम' आलं तर तीही कमांड चालेल.

सोबत 'चेक=ट्रू', 'कॅप्चर_आउटपुट=ट्रू' आणि 'एन्कोडिंग' म्हणून यूटीएफ-८ द्या. चेकमुळे शून्याखेरीज कुठलंही स्टेटस आलं की पायथॉनमध्ये अपवाद उडतो आणि बॅशच्या बाजूचं अपयश पायथॉनच्या रीतीने वर जातं. त्या अपवादात स्टँडर्ड एररचा मजकूरही असतो. तो लॉगमध्ये लिहा. 'टाइमआउट' देणार असाल तर एक गोष्ट पाहून ठेवा: वेळ संपल्यावर पायथॉन बॅशला मारतो, पण बॅशने सुरू केलेली आरसिंकसारखी (फायलींच्या प्रती करणारी) कमांड जिवंत राहू शकते, आणि तिने पाइप धरून ठेवला की तुमचा पायथॉनही वाट पाहत बसतो. अशा कामांना 'स्टार्ट_न्यू_सेशन' देऊन वेगळ्या गटात चालवावं आणि गरज पडल्यास सगळा गट एकदम बंद करावा.

हे सगळं चालतं, पण मी स्वतः याच्याही एक पाऊल अलीकडे थांबते. बॅशच्या फाइलच्या शेवटी एक 'केस' लिहिते: पहिला शब्द 'मोजा' असेल तर फायली_मोजा, 'हलवा' असेल तर फायली_हलवा, दुसरं काही असेल तर एररवर निरोप आणि स्टेटस २. हा भाग एका अटीत ठेवते, की फाइल सरळ चालवली असेल तरच तो चालावा, सोर्स केली असेल तर नाही. त्यासाठी बॅशच्या सोर्स-फाइलचं नाव आणि डॉलर-शून्य सारखे आहेत का ते 'इफ'ने तपासायचं. पायथॉनमधल्या फाइलच्या शेवटी 'मेन'ची अट लिहितात, तिचाच हा जोडीदार. इथे 'इफ'च वापरा. आखूड म्हणून && ने लिहिलंत तर सोर्स करताना अट खोटी ठरते, फाइलची शेवटची कमांड अपयशी दिसते आणि 'सोर्स न जमल्यास बाहेर पड' ही वरची काळजी विनाकारण लागू होते. मग पायथॉनला फक्त 'बॅश, फाइल, मोजा, फोल्डर' एवढी लिस्ट द्यायची. कुठली फंक्शनं बाहेरून कॉल करायची परवानगी आहे हेही त्या केसमध्ये एका जागी लिहिलेलं राहतं.

'एक्सपोर्ट -एफ' करून फंक्शन पाठवता येत नाही का, असंही कोणी विचारेल. येतं, पण फक्त पुढच्या बॅशला. बॅश फंक्शनचा मजकूर एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवतो आणि पुढचा बॅश तो तिथून उचलतो. पायथॉन आणि डॅश यांच्यासाठी तो निव्वळ मजकूर असतो. म्हणूनच 'सुडो', 'एक्सआर्ग्स' किंवा फाइंडच्या '-एक्झेक'ला फंक्शनचं नाव दिलं की 'सापडलं नाही' येतं. त्यांना प्रोग्रॅम हवा असतो आणि फंक्शन प्रोग्रॅम नाही. या सोयीला इतिहासही आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी जाहीर झालेली शेलशॉक ही त्रुटी इथलीच. स्टेफान शाझेला यांनी ती शोधली. बॅश कुठल्याही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये () { अशी सुरुवात दिसली की त्याला फंक्शन समजत असे, आणि फंक्शनचा मजकूर संपल्यावर पुढे लिहिलेल्या कमांडही सुरू होतानाच चालवून टाकत असे. वेब सर्व्हर ब्राउझरकडून आलेले हेडर एन्व्हायर्नमेंटमध्ये घालून सीजीआय स्क्रिप्टला (वेब सर्व्हर चालवतो त्या प्रोग्रॅमला) देत, त्यामुळे दूर बसलेला कोणीही हेडरमध्ये कमांड लिहून ती सर्व्हरवर चालवू शके. १९८९ पासूनचा कोड होता तो. आता निर्यात केलेली फंक्शनं वेगळ्या, ओळखता येणाऱ्या नावाखाली जातात आणि तो रस्ता बंद आहे. तरी दोन भाषांच्या मध्ये कोड पाठवू नये, माहिती पाठवावी, हे त्या घटनेवरून मला कायमचं पटलं आहे.

तुमची तिसरी अडचण नेमकी हीच आहे. तुम्ही पायथॉनला '-सी' देऊन, त्या कोडच्या मजकुरात बॅशचं व्हेरिएबल अवतरणात घालून 'नाव_सुधारा' कॉल करता आहात. नावात एकेरी अवतरण आलं की पायथॉनची स्ट्रिंग तिथेच संपते. नाव कोडमध्ये घालू नका. कोड एकेरी अवतरणात कायम तोच ठेवा आणि नाव त्यापुढे आर्ग्युमेंट म्हणून द्या, दुहेरी अवतरणात. पायथॉनमध्ये ते 'सिस.आर्गव्ही'च्या पहिल्या घरात मिळेल, कारण शून्याव्या घरात '-सी' असतं. फंक्शन एखाद्या फाइलमध्ये असेल तर तिला मेनची अट आणि 'आर्गपार्स' (आर्ग्युमेंट वाचणारी पायथॉनची लायब्ररी) देऊन नीट कमांड बनवा. आर्गपार्स चुकीच्या आर्ग्युमेंटला २ हे स्टेटस देतो, न पकडलेला अपवाद १ देतो, म्हणजे 'चुकीचं कॉल केलं' आणि 'काम फसलं' हे बॅशला वेगळं ओळखता येतं. 'सिस.एक्झिट'ला मजकूर दिला तर तो स्टँडर्ड एररवर छापला जातो आणि स्टेटस १ होतं. बॅशला निरोप द्यायला हे फार सोयीचं आहे.

फंक्शनचं उत्तर एकापेक्षा जास्त गोष्टींचं असेल तर जेसन (मजकुरात रचून लिहिलेली माहिती) वापरा. बॅशमध्ये ते 'जेक्यू' या कमांडने उघडता येतं. फायलींच्या नावांची यादी मात्र ओळीगणिक एक नाव अशी पाठवू नका, कारण लिनक्सवर फाइलच्या नावात नवी ओळसुद्धा चालते. नावात न चालणारे बाइट दोनच: तिरकी रेघ आणि शून्य बाइट. म्हणून फाइंडला '-प्रिंट०' देऊन शून्य बाइटने वेगळी केलेली यादी पाइपमधून पाठवा आणि पायथॉनमध्ये त्याच बाइटवर तोडा. ही यादी बॅशच्या व्हेरिएबलमध्ये साठवू नका. बॅशचं व्हेरिएबल शून्य बाइट धरून ठेवू शकत नाही. शिवाय $( ) शेवटच्या सगळ्या नव्या ओळी काढून टाकतो.

आर्ग्युमेंट मोठा असेल तर आणखी एक भिंत लागते. बॅशच्या आत फंक्शनला कितीही लांब मजकूर दिला तरी चालतं, कारण तिथे नवा प्रोग्रॅम सुरू होत नाही. तोच मजकूर पायथॉनला दिला की लिनक्सची मर्यादा लागू होते: एक आर्ग्युमेंट १२८ केबीच्या वर जाऊ शकत नाही, आणि 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' अशी एरर येते. मोठी माहिती स्टँडर्ड इनपुटने द्यायची.

मराठी नावं असलेल्या फायलींबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तुमच्या अहवालात ती असणारच. 'मराठी' या शब्दात यूनिकोडच्या हिशेबाने ५ चिन्हं आहेत (म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी) आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ असे १५ बाइट. पायथॉनचं 'लेन' ५ सांगतं. बॅशचं # ने मोजलेलं उत्तर लोकेलवर (भाषा आणि अक्षरांच्या सेटिंगवर) अवलंबून असतं: यूटीएफ-८ लोकेलमध्ये ५, सी लोकेलमध्ये १५. तुम्ही हाताने स्क्रिप्ट चालवता तेव्हा लोकेल नीट असतं. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयीतून) चालते तेव्हा बरेचदा लोकेल दिलेलंच नसतं आणि बॅश बाइट मोजू लागतो. मोजण्यापुरतं असेल तर एकवेळ चालेल, पण नाव पहिल्या चार चिन्हांपुरतं कापायचं ठरवलं तर 'म' पूर्ण आणि 'र'चा एक तृतीयांश तुकडा असं काहीतरी पायथॉनकडे जातं. आर्ग्युमेंट घेताना पायथॉन तक्रार करत नाही. तो तुटका बाइट खास चिन्हात जपून ठेवतो. एरर उडते ती नंतर, ते नाव फाइलमध्ये लिहिताना, आणि मग दोष पायथॉनचा वाटतो. पायथॉन ३.७ पासून सी लोकेल असलं तरी यूटीएफ-८ धरून चालतो, त्यामुळे क्रॉनमध्ये पायथॉन नीट आणि बॅश चुकीचा असं चित्र दिसतं. क्रॉनच्या फाइलमध्ये किंवा स्क्रिप्टच्या सुरुवातीला लोकेल स्वतः लिहून द्या, 'सी.यूटीएफ-८' दिलंत तरी पुरे. आणि जेसन लिहिताना 'एन्शुअर_आस्की=फॉल्स' द्या, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी आकडी संकेत उमटतात; यंत्राला ते वाचता येतात, पण लॉग वाचणाऱ्या माणसाला नाही.

वेगाचा हिशेब सोपा आहे. दर वेळी पायथॉन सुरू करायला २० मिलीसेकंद लागतात असं धरलं तर १०,००० फायलींच्या लूपमध्ये एकेक करून 'नाव_सुधारा' कॉल केल्यावर २०० सेकंद नुसती सुरुवात करण्यात जातात, आणि फाइलमध्ये पांडाजसारखी मोठी लायब्ररी आणली असेल तर कितीतरी जास्त. म्हणून लूप बॅशमध्ये ठेवू नका. सगळी नावं एकदाच पाइपने पायथॉनला द्या आणि लूप तिथे फिरवा. पायथॉनचं आउटपुट पाइपमध्ये जात असताना साठून साठून बाहेर पडतं; तुमचे निरोप आणि बॅशचे निरोप लॉगमध्ये उलटसुलट क्रमाने दिसत असतील तर प्रिंटला 'फ्लश=ट्रू' द्या किंवा पायथॉन '-यू' देऊन सुरू करा.

तुमच्या कामाची वाटणी मी अशी करेन. 'फायली_मोजा' बॅशमध्ये ठेवायची गरजच नाही. पायथॉनच्या 'पाथलिब'ने ते दोन ओळींत होतं आणि वेस ओलांडावी लागत नाही. फायली हलवणं आणि बॅकअप हे आरसिंक, टार अशा कमांडचं काम आहे. ते बॅशमध्येच चांगलं दिसतं, फक्त शेवटी केस असलेल्या फाइलमध्ये. 'नाव_सुधारा' पायथॉनमध्ये, इनपुटवरून यादी घेणारी कमांड म्हणून. आणि क्रॉनने सुरू करायची ती एकच स्क्रिप्ट पायथॉनची असू द्या, जी बॅशच्या फाइलला 'हलवा' सांगेल आणि स्टेटस तपासेल. बदल एका रात्रीत करू नका. आधी फायली_मोजामधला रिटर्न काढून तिथे प्रिंटएफ आणा आणि लोकलच्या ओळी वेगळ्या करा. अहवालातले आकडे फोल्डरमधल्या आकड्यांशी जुळायला लागले की मग सबप्रोसेसचे कॉल लिस्टच्या रूपात आणायला घ्या.